लेबल झाकून ओळख, रोगाला दाद न देणाऱ्या लाल द्राक्षाची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले ते पणजी या पट्ट्यात चार-सहा जण जमून लेबल झाकून वाईन चाखतात, त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नमुना म्हणून रेजंट हे जर्मन द्राक्ष धरलं आहे, पण बरंचसं त्याच्या भावंडांनाही लागू पडतं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: निकाल वासावर देऊ नका. रंग आणि टॅनिन (तोंड कोरडं करणारं तुरट द्रव्य) यांचा मेळ बसत नसेल, तिथून शोध सुरू करा.

रोगाला दाद न देणारं द्राक्ष म्हणजे नेमकं कोणतं?

काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, शिराझ, पिनो न्वार ही सगळी व्हिटिस व्हिनिफेरा या एकाच प्रजातीची द्राक्षं. केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांपुढे ही प्रजाती जवळपास हतबल असते, कारण दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतले. केवडा फ्रान्समध्ये १८७८ साली दिसला. अमेरिकेतल्या रानवेली मात्र या बुरशींच्या सोबतीनेच वाढलेल्या, म्हणून त्यांच्याशी संकर सुरू झाले.

पहिल्या पिढ्यांतली लाल नावं म्हणजे बाको न्वार, मारेशाल फोश, शांबूर्सें. पुढे प्रत्येक पिढीत पुन्हा व्हिनिफेराचं रक्त मिसळत गेलं आणि त्यातून रेजंट, काबर्ने कॉर्टिस, स्वित्झर्लंडचं दिविको, फ्रान्सची आर्ताबान आणि विडोक अशी आधुनिक द्राक्षं आली. फवारणी यांनाही लागते, फक्त ती मोजकी.

यांना ‘जंगली’ वास येतो ना? मग ओळखणं अवघड कसलं?

सगळ्यात जास्त चुका याच समजुतीपायी होतात. तो वास व्हिटिस लाब्रुस्का या अमेरिकन प्रजातीचा, आणि त्यामागचं मुख्य रसायन मिथाइल अँथ्रानिलेट. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळीला किंवा जेलीला जो वास येतो, तोच हा. मोगऱ्याच्या सुगंधातही हे रसायन असतं, त्यामुळे आपल्या नाकाला ते अनोळखी नाही.

पण रेजंटच्या वंशावळीतल्या अमेरिकन पूर्वजांमध्ये लाब्रुस्काचा वाटा नगण्य आहे, आणि पैदास करणाऱ्यांनी असा वास येणारी रोपं पिढ्यानपिढ्या बाजूला काढली. दिविकोतही हा वास सापडणार नाही. म्हणून ग्लासात तो नसला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो ठळक असला, तर समोर लाब्रुस्काच्या घरातलं काहीतरी आहे, रेजंट नव्हे.

मग ओळखायचं कशावरून?

तीन गोष्टी १ ते ५ अशा आकड्यांत मोजा आणि त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहा.

पहिला रंग. ग्लासात ५० मिली वाईन घ्या, ग्लास छापील पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून बघा. अक्षरं अजिबात वाचता आली नाहीत तर रंग ५ पैकी ५, स्वच्छ वाचता आली तर १. मग ग्लास तिरका करून कडा पाहा. तरुण संकरित वाईनची कडा बहुधा निळसर जांभळी असते. हे पहिल्याच मिनिटात उरका. आपल्याकडच्या दमट हवेत थंड ग्लासावर लगेच घाम धरतो आणि मग रंग नीट दिसत नाही.

दुसरं टॅनिन. १० मिली वाईन तोंडात घ्या, ८ सेकंद फिरवा, थुंका आणि जीभ वरच्या हिरडीवरून सरकवा. जीभ अडकत, ओढत गेली तर टॅनिन भरपूर. सहज घसरली तर कमी. आकडा लिहिण्याआधी २० सेकंद थांबा, कारण कोरडेपणा उशिरा जाणवतो.

तिसरी आम्लता. थुंकल्यावर मान किंचित खाली घाला. जिभेच्या कडांना किती लाळ सुटते आणि किती वेळ सुटत राहते, ते पाहा. टॅनिन तोंड कोरडं करतं, आम्ल तोंडाला पाणी आणतं. नवखे या दोन्हींना ‘तुरट-आंबट’ म्हणून एकाच रकान्यात टाकतात आणि पुढचा सगळा तर्क तिथेच फसतो.

गडद रंगाच्या व्हिनिफेरा वाईनमध्ये सहसा टॅनिनही रंगाच्या बरोबरीने येतं. संकरित द्राक्षांत हे नातं तुटतं. त्यांच्या गरात रोगाशी लढणारी प्रथिनं जास्त असतात. ती किण्वनात टॅनिनला चिकटून गाळाबरोबर खाली बसतात, रंगद्रव्य मात्र मागे राहतं. वाईनरीने वरून टॅनिन घातलं तरी त्यातला मोठा भाग याच वाटेने जातो. म्हणून रंगाचा आकडा टॅनिनच्या आकड्यापेक्षा दोनने किंवा अधिकने मोठा आला, की चिठ्ठीवर खूण करा. एवढ्यावर नाव लिहू नका.

नेमकं रेजंट कसं ओळखायचं?

जर्मनीच्या फाल्त्स भागातल्या गाइलवायलरहोफ संस्थेत गेरहार्ट आलेवेल्ट यांनी १९६७ साली हा संकर केला. एका बाजूला डायना, म्हणजे सिल्व्हानर आणि म्युलर-थुर्गाऊ यांची संतती, आणि दुसऱ्या बाजूला शांबूर्सें. रंग शांबूर्सेंकडून आला. तोंडातला मऊपणा आणि उतरलेली आम्लता या बाबतीत मात्र ते शांबूर्सेंपासून दूर जातं.

रंग ४ ते ५, कडा जांभळी. वास काळसर चेरी, ब्लॅककरंट, प्लम यांचा. कमी पिकलेल्या मालात थोडी हिरवी पाल्याची छटा. टॅनिन २ ते ३, बारीक आणि मऊ. आम्लता बहुतेकदा २ ते ३. इथे पुष्कळांची फसगत होते, कारण ‘संकरित म्हणजे आंबट’ हा नियम रेजंटला लागू पडत नाही. ते लवकर पिकतं, आणि तोडणी लांबली की आम्लता झपाट्याने खाली येते. अशी वाईन तोंडात भरलेली पण शेवटी थोडी सपाट वाटते. ही सपाट अखेर आम्ही रेजंटच्या बाजूने धरतो.

ओकच्या पिंपात मुरलेलं रेजंट ओळखणं खरोखर अवघड. पिंपाचं टॅनिन आणि व्हॅनिलाचा वास मिळून ते मेर्लोसारखं वागतं. सरावाला पोलादी टाकीतलं, दोन-तीन वर्षांच्या आतलं रेजंट निवडा.

गल्लत कोणाकोणाशी होते?

बार्बेरा पहिल्या क्रमांकावर. इटलीचं हे शुद्ध व्हिनिफेरा द्राक्ष गडद रंगाचं, आम्लतेने तेज आणि टॅनिनमध्ये हलकं असतं, म्हणजे संकराची सगळी लक्षणं त्यात आहेत. रेजंट आणि बार्बेरा यांत निवड करायची असेल तर आम्लतेकडे जा. तोंडाला पाणी सुटून ते टिकून राहिलं, तर बार्बेराचं पारडं जड. शांबूर्सें आणि बार्बेरा यांच्यात मात्र हा उपाय चालत नाही, कारण दोन्ही आंबट. तिथे शांबूर्सेंची मसालेदार-हिरवट छटा शोधावी लागते आणि तरीही चूक होऊ शकते.

जर्मनीचंच डॉर्नफेल्डर दुसरं. गडद, मऊ, सरळ फळांचा वास. रेजंट त्याच्यापेक्षा तोंडात जरा घट्ट लागतं.

नाशिकच्या शिराझशी गल्लत सहसा टिकत नाही. काळ्या मिरीची छटा, उन्हात पिकलेल्या फळाचा जाडपणा आणि स्पष्ट टॅनिन यांनी ती वेगळी पडते. ज्यांचा गरही लाल असतो अशा द्राक्षांकडे लक्ष ठेवा. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं पुसा नवरंग असंच आहे. त्याचा रस थोडा मिसळला तरी रंग एकदम चढतो आणि रंग-टॅनिनचा आमचा हिशेब खोटा ठरतो.

इतर संकरांच्या खुणा?

थोडक्यात. शांबूर्सें: गर्द जांभळा रंग, तेज आम्लता, पातळ टॅनिन, काळी चेरी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या हेस्टिंग्ज नदीकाठी, पावसाळी किनाऱ्यावर, ते याच रोगप्रतिकारामुळे रुजलं. मारेशाल फोश: शाईसारखा रंग, रानटी हिरवा पाला, आम्लता उंच. मिनेसोटा विद्यापीठाचं मार्केट (Marquette) हे द्राक्ष: चेरी आणि काळी मिरी, संकरांच्या मानाने टॅनिन चांगलं, म्हणून सर्वांत फसवं. काबर्ने कॉर्टिस: ढोबळी मिरचीचा वास आणि टॅनिन दोन्ही भरपूर. आमची रंग-टॅनिनची कसोटी याला लागू पडत नाही, हे लक्षात ठेवा.

इथल्या हवेत वाईन किती थंड हवी?

१६ ते १८ अंश. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा युरोपातला सल्ला आहे. आपल्या पडवीत एप्रिलमध्ये ३१-३२ अंश असतात. तेवढ्या गरम वाईनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं, आणि टॅनिन आहे त्याहून मऊ वाटतं. मग प्रत्येक वाईन संकरित भासू लागते. उलट १२ अंशांवर टॅनिन खरखरीत आणि कडवट लागतं, आणि खरं रेजंट हातचं सुटतं.

फ्रिजमध्ये एक ते सव्वा तास, किंवा अर्धं बर्फ-अर्धं पाणी भरलेल्या बादलीत ८ ते १० मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय बाटलीला थंडी नीट लागत नाही. स्वयंपाकघरातला टोकदार सळीचा थर्मामीटर पहिल्या ओतलेल्या ग्लासात बुडवून खात्री करा. ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वाईन तीन-चार अंश चढते, म्हणून १६ वर ओता आणि पाचपेक्षा जास्त ग्लास एका फेरीत मांडू नका.

आंब्याच्या दिवसांत चाचणी घेतली तर चालेल?

घरात हापूसची अढी असेल तर नको. कारण नेमकं आहे. हापूस पिकताना फ्युरेनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य तयार होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर सविस्तर काम झालं आहे. काही संकरित वाईनमध्ये जो स्ट्रॉबेरीसारखा, शिजवलेल्या साखरेसारखा गोड वास येतो, तोही याच द्रव्याचा. खोलीभर हापूसचा घमघमाट असेल तर नाक या वासाला सरावतं आणि ग्लासातला फ्युरेनिऑल दिसेनासा होतो. एखाद्याचं नाक उलट वागतं आणि त्याला तो प्रत्येक ग्लासात सापडतो. व्हिनिफेरातही हे द्रव्य थोडं असतंच, तेव्हा एरवीही त्याला पुरावा न मानता फक्त इशारा माना.

पावसाळ्यात वेगळा त्रास. बंद कपाटातल्या ग्लासांना कुबट वास लागतो आणि चांगली बाटली बुचाच्या दोषाची वाटते. चाचणीच्या दिवशी ग्लास साबणाशिवाय कढत पाण्याने धुवा, स्वच्छ सुती कापडावर उपडे ठेवा आणि ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. डोक्याला ताजं खोबरेल आणि घरात उदबत्ती, दोन्ही त्या दिवशी टाळा.

आधी जेवण झालं तर? मासे, सोलकढी?

दोन तास अंतर ठेवा. वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात हिवस चव उरते, आणि ती वाईनची आहे असं वाटतं. सोलकढीतलं कोकम आम्लतेची जाणीव बोथट करतं, नारळाचं दूध जिभेवर थर धरतं आणि टॅनिन कळत नाही. दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमसक्याचा पाव पुरे. तंबाखू, पान, सुपारी त्या दिवशी अजिबात नको. सुपारीत स्वतःचंच टॅनिन खूप.

चाचणी मांडायची कशी?

ओतणारा एक, चाखणारे वेगळे. ओतणाऱ्याने बोलायचं नाही आणि चेहराही दाखवायचा नाही, म्हणून त्याने दुसऱ्या खोलीत ओतून ताट आणून ठेवावं. बाटलीची आकृती आणि बूच यांवरूनही देश ओळखता येतो, तेव्हा कागद गुंडाळण्यापेक्षा वाईन सारख्या साध्या बाटल्यांत काढलेली बरी. ग्लास सगळे एकाच आकाराचे, प्रत्येकात ५० मिली. ७५० मिलीची बाटली पंधरा ओतण्यांना पुरते.

‘हे कोणतं द्राक्ष’ असं थेट विचारू नका. आधी त्रिकोणी चाचणी घ्या: तीन ग्लास, दोघांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास शोधायचा. नुसत्या अंदाजाने तीनांतून एकदा बरोबर येतंच, म्हणून एक-दोन यशांना अर्थ नाही. १२ प्रयत्नांत किमान ८ बरोबर आले, तर फरक खरोखर कळतो असं मानायला हरकत नाही. ६ प्रयत्नांत ५ लागतात, १८ मध्ये १०. रेजंट आणि बार्बेरा यांत वेगळा ग्लासच सापडत नसेल, तर नाव सांगण्याच्या फेरीला अजून अवकाश आहे.

ग्लासांचा क्रम दर वेळी बदला. गडद वाईन नेहमी तिसऱ्या जागी आली की चाखणाऱ्यांच्या दोन फेऱ्यांत लक्षात येतं.

घरच्या घरी सराव कसा करायचा?

एक साधी, ओक नसलेली भारतीय शिराझ घ्या आणि तिच्यात एकेक गुण वाढवत जा.

आम्लतेसाठी १० ग्रॅम लिंबूसत्व पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करा. २०० मिली वाईनमध्ये या द्रावणाचे २ मिली घातले की लिटरमागे १ ग्रॅम आम्लता वाढते, ४ मिलीने २ ग्रॅम. सुईशिवायची सिरिंज वापरा, चमच्याने हे माप जमत नाही. साधी, १ ग्रॅम आणि २ ग्रॅम असे तीन ग्लास क्रमाने लावता येईपर्यंत सराव करा.

टॅनिनसाठी कडक कोरा चहा थंड करून २०० मिलीत १० मिली घाला. हिरव्या छटेसाठी ढोबळी मिरचीचे ५ ग्रॅम काप १०० मिलीत अर्धा तास ठेवून गाळा. लाब्रुस्काच्या वासासाठी बंगळूर ब्लू द्राक्षाचा ताजा रस, १०० मिलीत ५ मिली.

शब्दांसाठी करवंद आणि जांभूळ खाऊन बघा. युरोपातल्या फळांची नावं पाठ करण्यापेक्षा ‘पिकलेलं करवंद, जांभळाचा तुरटपणा नाही’ असं लिहिलेलं जास्त खरं असतं आणि पुढच्या वेळी आठवतंही.

गोव्याची पोर्ट सरावाला चालेल का?

एकाच कामाला. ही स्वस्त गोड पोर्ट बऱ्याचदा बंगळूर ब्लूपासून होते, आणि ते द्राक्ष म्हणजे लाब्रुस्काचं रक्त असलेलं इझाबेला. त्यामुळे तो वास नाकात बसवायला ती उत्तम. पण तिच्या गोडीमागे आम्लता आणि टॅनिन दोन्ही लपतात. रेजंटचा अंदाज तिच्यावरून बांधू नका.

प्रयोगशाळेत पक्कं कळतं का?

बऱ्याच अंशी. व्हिनिफेराच्या लाल रंगद्रव्याला साखरेचा एकच रेणू जोडलेला असतो. अमेरिकन प्रजातींत दोन असू शकतात, आणि त्या रूपाला माल्व्हिन म्हणतात. वाईनवर आम्ल आणि सोडियम नायट्राइटची, मग अल्कोहोलमधल्या अमोनियाची क्रिया करून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरलं, की माल्व्हिन असल्यास हिरवी चमक दिसते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाईन संघटनेने माल्व्हिनची मर्यादा लिटरला १५ मिलिग्रॅम ठेवली आहे. हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जाणकारासमोरच करा, आणि तो नमुना पिऊ नका.

चमक दिसली तर संकर नक्की किंवा मिसळ तरी आहे. रेजंटमध्ये हे रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाची एक कार्यरत प्रत आहे, त्यामुळे ते सापडतं. चमक न दिसणं मात्र निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. पुढच्या पिढ्यांतल्या काही रोगप्रतिकारक द्राक्षांत दोन्ही प्रती व्हिनिफेराच्या, म्हणजे निकामी, असतात. जिभेला माल्व्हिनची चव कळत नाही, तेव्हा ‘मला तो लागला’ असं कोणी म्हटलं तर ते सोडून द्या.

रेजंटची बाटली मिळणार कुठे?

इथल्या दुकानांत ती क्वचितच दिसते. परदेशातून येणाऱ्याला शुल्काशिवाय २ लिटरपर्यंत मद्य आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. सामानाच्या मधोमध कपड्यांत गुंडाळून आणा आणि आल्यावर निदान आठवडाभर स्थिर ठेवा. बूच वर सरकलेलं असेल किंवा वाईनला शिजलेल्या मुरंब्याचा वास असेल, तर ती उन्हाने गेली. तिच्यावर कोणताही निष्कर्ष काढू नका.

गोव्यातून महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य आणणं गुन्हा आहे. गोव्याच्या सीमेजवळच्या बांदा नाक्यावर अडकलात तर ‘चाचणीसाठी’ हे कारण चालत नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं.

केवड्याला दाद देत नाही, मग रेजंटचा वेल कोकणात लावावा का?

व्यापारी लागवड म्हणून नाही. युरोपात निवडलेल्या या द्राक्षांचा प्रतिकार तिथल्या रोगांसाठी पारखलेला आहे. आपल्याकडे केवड्याबरोबर करपा आणि तांबेराही येतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि हिवाळ्यात वेल धड झोपतही नाही, त्यामुळे फूट एकसारखी येत नाही. हौस असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एआरआय-५१६ ची माहिती घ्या. कटाबा या लाब्रुस्का वाणाचा ब्युटी सीडलेसशी केलेला हा संकर बुरशीजन्य रोगांना तोंड देतो, ११० ते १२० दिवसांत तयार होतो, आणि त्याचा रस तसाच रेड वाईनही करता येते. चिऱ्याच्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून गादीवाफा उंच करा आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येईल अशी छाटणी धरा.

चाचणीत उरलेली वाईन दुसऱ्या दिवशी वापरता येते का?

येते. बाटली उघडताक्षणीच निम्मी वाईन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. अशी ती दोन-तीन दिवस चाचणीच्या लायकीची राहते. अर्धवट रिकाम्या बाटलीत मात्र एका रात्रीत फळाचा वास उतरतो. ती दुसऱ्या फेरीत ताज्या बाटलीशेजारी ठेवली, तर लोक द्राक्षातला फरक सोडून शिळेपणाच ओळखतात.